फाईल दुसऱ्याच्या हाती देताना

वैशाली नगरातल्या माझ्या दुकानात दिवसातून एकदा तरी ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "भैया, फाइल खुल नहीं रही." सांगणारा कधी सुपेल्याचा फ्लेक्सवाला असतो, कधी नंदिनी रोडवरच्या कारखान्यात लेसर मशीन चालवणारा मुलगा. कधी मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी आलेले काका असतात. भिलाईत चाळीस वर्षे काढली तरी ते माझ्याशी मराठीतच बोलतात. हातात पेन ड्राइव्ह असतो आणि काम आजच हवे असते. फाईल बहुतेक वेळा बिघडलेली नसते. ती ज्या प्रोग्राममध्ये तयार झाली तो प्रोग्राम, किंवा त्याची तीच आवृत्ती, समोरच्याकडे नसते.

ही पुस्तिका त्या एका वाक्यावर लिहिली आहे. व्हेक्टर चित्राची फाईल एका डिझाइन प्रोग्राममधून दुसऱ्यात कशी उघडावी, कशी बदलून घ्यावी, बदलताना काय टिकते, काय गळते आणि जे गळणार ते आधीच कसे वाचवावे, एवढाच तिचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण छापखाना, फ्लेक्स, रेडियमचे काम, स्क्रीन प्रिंटिंग, एसीपीचे बोर्ड, लेसर कटिंग, भरतकामाचे मशीन, सगळ्यांची गाडी याच ठिकाणी येऊन अडते.

हे लिखाण भिलाईत व्हावे, याला कारण आहे. हे गावच आराखड्यातून उभे राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसे इथे आली. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूने मराठी घरेही आली. कारखान्यात लोखंडाचा तुकडा कापण्याआधी त्याचे ड्रॉइंग होत असे. ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढून ते फिटरच्या हाती दिले जाई. काढणारा कुठल्याही प्रांताचा असो, वाचणारा कुठलाही असो, मापे आणि रेषांच्या खुणा ठरलेल्या होत्या. कागद उघडायला कुठला प्रोग्राम लागत नव्हता. आज तोच तुकडा फाईलमधून जातो, आणि फाईल वाचायला डोळे पुरत नाहीत. ही अडचण एका पिढीत आली. ती समजून घेतली तर तिच्यावर इलाज आहेत.

व्हेक्टर म्हणजे काय, हे सांगताना मी ठिपक्यांच्या रांगोळीपासून सुरुवात करतो. दिवाळीत आई गोंदियाहून फोनवर रांगोळी सांगायची: नऊ ठिपके, नऊ ओळी, मधला ठिपका धर, तिथून दोन सोडून तिसऱ्याला जोड, आता गोल वळण घेऊन खालच्या ओळीत ये. फोनवरून चित्र येत नव्हते, कृती येत होती. त्याच कृतीवरून पाटाएवढी रांगोळी निघायची आणि दारापुढे अंगणभरही. रेषा दोन्हीकडे सारखीच सुबक. व्हेक्टर फाईल म्हणजे अशी सांगितलेली रांगोळी: बिंदू कुठे, रेष कुठून कुठे, वळण किती, आत रंग कोणता. जेपीजी हा काढून झालेल्या रांगोळीचा फोटो. तो दारावरच्या बोर्डाएवढा ताणला की रंगाचे चौकोन दिसू लागतात. म्हणूनच कटिंग प्लॉटरला फोटो देऊन चालत नाही. त्याच्या पात्याला चालायला वाट लागते, आणि ती वाट फक्त व्हेक्टरमध्ये असते.

वळण सांगण्याची आजची रीत मोटारीच्या कारखान्यांतून आली. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९च्या सुमारास काही मोजक्या बिंदूंवरून सुरेख वक्र काढण्याची पद्धत बसवली. कंपनीने ती बरीच वर्षे बाहेर जाऊ दिली नाही. पुढे रेनो कंपनीत पियर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच काम केले आणि ते प्रसिद्ध केले. आज सगळे जग त्या वक्राला बेझिए म्हणते. दोन टोकांचे दोन बिंदू आणि वळण ओढणारे दोन हात, असे चार बिंदू दिले की वक्र पक्का होतो. कोरलड्रॉ या डिझाइन प्रोग्राममध्ये नोडवर, म्हणजे रेषेवरच्या बिंदूवर, क्लिक केल्यावर बाहेर येणाऱ्या दोन दांड्या म्हणजे तेच हात. कुलपात राहिलेल्या कामापेक्षा उघड केलेले काम लांब गेले, ही गोष्ट या पुस्तिकेच्या विषयाला थेट लागू पडते.

वक्र सगळीकडे एकच असेल तर फाइली वेगळ्या का? कारण रांगोळी एकच असली तरी सांगणाऱ्याची बोली वेगळी. अडोबी कंपनी १९८२ साली निघाली. १९८४ मध्ये तिने पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आणली आणि १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आणला. तो सुरुवातीला मॅकिंटॉशवर चालत असे. कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीचा कोरलड्रॉ १९८९ मध्ये आला, तो विंडोजसाठी. आपल्याकडच्या छोट्या दुकानांत विंडोजची मशीन होती, त्यामुळे कोरल आपल्या गल्लीत रुजला. इंजिनिअरच्या टेबलावर १९८२ पासून ऑटोकॅड होता. प्रत्येकाने आपल्या सोयीने आपली वही लिहिली: कोरलची सीडीआर, इलस्ट्रेटरची एआय, ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी. त्यात काही कारणे रास्त होती. एका प्रोग्रामला जमणारी करामत दुसऱ्याला जमतच नसेल, तर ती लिहून ठेवायला वेगळी भाषा लागणारच. काही कारणे धंद्याची होती. फाईल दुसरीकडे उघडली नाही की गिऱ्हाईक आपल्याकडेच राहते.

त्याची किंमत नंतर कळते. फ्रीहँड हा एके काळी इलस्ट्रेटरच्या तोडीचा प्रोग्राम होता. अल्डस, मॅक्रोमीडिया आणि शेवटी २००५ मध्ये अडोबी, असे त्याचे मालक बदलत गेले आणि २००७ मध्ये त्याचे पुढचे काम थांबले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची. मराठी पुस्तकांचे, दिवाळी अंकांचे किती काम पेजमेकरमध्ये झाले आहे, हे जुन्या डीटीपीवाल्यांना विचारा. त्या फाइली सीडींवर पडून आहेत. पुस्तक छापलेले हातात आहे, पण त्याची दुसरी आवृत्ती काढायची तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून बसावे लागते.

चांगली गोष्ट अशी की या बोली शिकून घेणारी माणसेही निघाली. कोरलने सीडीआरची रचना जगासमोर मांडली नव्हती, तरी काही स्वयंसेवकांनी फाइलीतला एकेक बाइट तपासून ती उलगडली. त्यातून तयार झालेली लिबसीडीआर ही वाचनाची सोय २०१२ मध्ये लिबरऑफिस ३.६ मध्ये आली. पुढे इंकस्केपनेही तीच वापरली. इंकस्केप हा २००३ साली निघालेला मुक्त आणि मोफत प्रोग्राम. त्यामुळे ज्याच्याकडे कोरल नाही, त्यालाही सीडीआर फाईल बऱ्याच प्रमाणात वाचता येते. इलस्ट्रेटर मात्र कोरलच्या काही जुन्या आवृत्त्याच उघडतो.

आता काउंटरवर येणाऱ्या फाइलींची तोंडओळख करून देतो. तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत.

सीडीआर ही कोरलची घरची फाईल. नवा कोरल जुनी फाईल उघडतो. जुना कोरल नवी उघडत नाही. म्हणून बाहेर देताना सेव्ह अ‍ॅजमध्ये जाऊन समोरच्याची आवृत्ती निवडायची. एक्स४ पासून, म्हणजे २००८ पासून, ही फाईल आतून झिप केलेली असते. फाइलीची एक प्रत काढून तिच्या नावाचे शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरे, बदलून झिप केले तर आतले फोल्डर दिसतात आणि त्यात चित्राची छोटी झलकही सापडते. फाईल उघडत नसली तरी तिच्यात गणपतीचा बॅनर आहे की दुकानाचे बिलबुक, एवढे त्यावरून कळते.

एआय फाइलीचा स्वभाव २००० सालच्या नवव्या आवृत्तीपासून बदलला. तेव्हापासून तिच्या पोटात पीडीएफ ठेवता येते. सेव्ह करताना पीडीएफ कंपॅटिबल या चौकोनात खूण असली, तर तीच फाईल शेपूट बदलून पीडीएफ म्हणून उघडता येते. खूण काढलेली असेल तर चित्राच्या जागी इंग्रजी सूचनेचे एक पान येते: ही फाईल पीडीएफशिवाय साठवली आहे. ते पान पाहून पुष्कळ जण फाईल खराब झाली असे समजतात. पाठवणाऱ्याला फोन करून ती खूण लावून पुन्हा सेव्ह करायला सांगितले की काम होते.

ईपीएस ही जुनी, खात्रीची पण पारदर्शकता न जाणणारी फाईल. सावल्या, धूसर कडा, काचेसारखे रंग तिच्यात गेले की त्यांचे तुकडे होतात किंवा फोटो बनतो. पीडीएफ १९९३ मध्ये आली आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. फॉन्ट पोटात घेऊन जाणारी ही फाईल छापायला देण्यासाठी आज सर्वांत सोयीची आहे. पुन्हा हात फिरवायचा असेल तर मात्र तिच्यात वाक्यांचे तुकडे पडलेले दिसतात.

एसव्हीजी ही मला सर्वांत प्रिय. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने ती सप्टेंबर २००१ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली. ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा. आत साधा मजकूर असतो. एम म्हणजे लेखणी इथे ठेव, एल म्हणजे इथपर्यंत सरळ रेष ओढ, सी म्हणजे वळण घे, झेड म्हणजे जिथून निघालास तिथे येऊन मिळ. आईची फोनवरची रांगोळी अक्षरशः अशीच होती. उद्या सगळे प्रोग्राम बंद पडले तरी हा मजकूर माणसाला वाचता येईल.

डीएक्सएफ ही ऑटोकॅडने बाहेर देण्यासाठी काढलेली फाईल. लेसर, प्लाझ्मा, राउटर यांच्या दुनियेत ती चालते. तिच्यात रंगाला फारशी किंमत नाही, मापाला आहे. आणि मापातच ती फसवते, कारण आकडा मिलिमीटरचा की इंचाचा हे उघडणाऱ्याने चुकीचे धरले तर वस्तू २५.४ पट मोठी किंवा लहान होते. तिच्यात पाठवताना वक्राचे शेकडो बारीक सरळ तुकडेही होऊ शकतात. मग मशीन गोल भोक कापताना धक्के खाते आणि कडेवर हाताला पैलू लागतात.

मापाची चूक एसव्हीजीतही होते. इलस्ट्रेटर एका इंचात ७२ एकके धरतो, इंकस्केप ०.९२ या आवृत्तीपासून ९६ धरतो. फाइलीत माप स्पष्ट लिहिलेले नसेल तर १०० मिलिमीटरची वस्तू दुसऱ्या प्रोग्राममध्ये ७५ ची होऊन बसते. पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही, कारण प्रमाण तेच असते. पत्रा कापून झाल्यावर कळते. यासाठी मी प्रत्येक कटिंगच्या फाइलीत कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरचा एक चौकोन ठेवतो. उघडणाऱ्याने आधी तो मोजायचा. चौकोन बरोबर तर सगळे बरोबर.

रंगाची गोष्ट वेगळी. छपाई चार शाईंची, पडदा तीन प्रकाशांचा. एसव्हीजी मुळात पडद्यासाठी बनली, त्यामुळे तिच्यातून गेलेला शुद्ध काळा परत छपाईच्या रंगात आणला की तो चारही शाईंचा मिळून झालेला काळा होतो. जाड मथळ्याला ते खपते. पत्रिकेतल्या बारीक अक्षरांत मात्र चार प्लेट केसभर सरकल्या तरी अक्षराभोवती लाल-निळी कड दिसते. बदलून आलेल्या फाइलीत काळा रंग निवडून तो फक्त काळ्या शाईचा आहे ना, हे पाहिल्याशिवाय ती प्लेटला जाऊ द्यायची नाही.

इथपर्यंतचे सगळे कुठल्याही देशातल्या डिझाइनरला लागू आहे. आपली खास अडचण पुढे येते, ती देवनागरीची.

भिलाईच्या दुकानांत हिंदी काम अनेक वर्षे कृतिदेव फॉन्टवर चालले आहे. मराठी मुलखात श्री-लिपी, सीडॅकचे आयएसएम आणि त्यांचे फॉन्ट रूढ झाले. या फॉन्टांची जुनी रचना अशी की संगणकाला देवनागरी माहीतच नसते. तो रोमन अक्षरेच साठवतो, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा पोशाख चढवतो. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिले की आत साठतात मोठा एच, के, के, जे, आर. फॉन्ट असलेल्या मशीनवर भारत दिसतो. नसलेल्या मशीनवर ती पाच रोमन अक्षरे उघडी पडतात. आणि दुसऱ्या कंपनीचा देवनागरी फॉन्ट लावला तर त्याहून वाईट होते. त्याचा पोशाख वेगळा असल्याने भलतीच देवनागरी अक्षरे येतात आणि घाईत ती खरी वाटतात. युनिकोडने हा घोळ मुळातून सोडवला. तिथे भ हा भ म्हणूनच साठतो, आणि आपल्या ळ आणि ऱ यांनाही स्वतःची जागा आहे. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर पोचला. तरीही जुन्या फॉन्टांतली वळणे, जुन्या फाइली आणि बोटांना बसलेली टायपिंगची सवय यांमुळे दुकानांत आजही दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात.

म्हणून आपल्या धंद्यात एक मंत्र रूढ झाला: "कर्व्ह करून पाठव." कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स. अक्षर मग अक्षर राहत नाही, त्याची आकृती होते. आता फॉन्ट असो वा नसो, ती तशीच दिसते. उपाय बरोबर आहे, पण देवनागरीत त्यालाही एक खाच आहे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला आपापल्या वाट्याची शिरोरेषा असते. एकाची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढते, म्हणून डोळ्यांना ती अखंड दिसते. कर्व्ह केल्यावर ते चढलेले टोक तसेच राहते. 'भिलाई' हा शब्द कर्व्ह करून थेट रेडियमच्या प्लॉटरला दिला तर पाते प्रत्येक आकृतीच्या कडेने फिरते. भि संपून ला सुरू होतो तिथे शिरोरेषेत दोन काप पडतात आणि अक्षर उचलताना शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी हातात येते. छपाईतही तोच सांधा दगा देतो. दोन आकृत्या जिथे एकमेकींवर येतात ती जागा भरायची की मोकळी सोडायची, याचे दोन नियम आहेत आणि प्रोग्रामप्रमाणे नियम बदलतो. एकात अखंड काळा दिसलेला शब्द दुसऱ्यात उघडल्यावर शिरोरेषेवर पांढरे चौकोन पडतात. इलाज एकच: कर्व्ह केल्यानंतर वेल्ड करायचे, म्हणजे सगळ्या आकृत्या वितळून एकच बाह्यरेषा उरते. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही गरज क्वचितच पडते, त्यामुळे इंग्रजी मार्गदर्शिकांत याचा उल्लेख शोधून सापडत नाही. मराठीत ही पुस्तिका लिहावी असे वाटले, त्यामागे हा एक सांधा मोठे कारण आहे.

माझी स्वतःची एक चूक इथे नोंदवतो, कारण तिच्यातून या पुस्तिकेचा पहिला नियम निघाला. वैशाली नगरातल्या एका कुटुंबातल्या मुलीचे लग्न गोंदियात होते. पत्रिका मी इथे बनवली, छपाई नागपूरला व्हायची होती. पहिली फाईल गेली, तिथल्या कोरलमध्ये उघडली नाही. जुन्या आवृत्तीत सेव्ह करून पाठवली, उघडली, पण त्यांच्याकडे माझा फॉन्ट नव्हता. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांची ओळ. मग सगळे कर्व्ह करून, त्याच नावाने सेव्ह करून पाठवले. फाईल पोचली, प्रूफ आले, सगळे निवांत झाले. तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. मुहूर्त बदलला होता. फक्त वेळ बदलायची होती, दोन आकडे. पण माझ्याकडे आता मजकूर उरलाच नव्हता. पत्रिकाभर नुसत्या आकृत्या होत्या, आणि मूळ फाइलीवर मीच कर्व्हची फाईल चढवली होती. आकडे नवे बसवले तर त्यांची जाडी बाकीच्या मजकुराशी जुळेना. रात्री बसून सगळी पत्रिका पुन्हा टाइप केली. आजोबा-आजींपासून लहान भाचरांपर्यंतचे प्रत्येक नाव त्या गृहस्थांनी काउंटरला टेकून उभ्याने वाचून तपासले. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. नियम मात्र त्या रात्री पक्का झाला: आपली फाईल वेगळी, द्यायची फाईल वेगळी. मजकूर जिवंत असलेली प्रत आपल्याकडे. कर्व्ह, वेल्ड केलेली प्रत बाहेर. दोघींची नावेही वेगळी.

दुसरे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे आहे. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. गांधीजींच्या चष्म्याचे त्याचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेले. दोन भिंगे, एकात 'स्वच्छ', दुसऱ्यात 'भारत', मध्ये तिरंगी दांडी. इतके साधे की लहान मूल पाटीवर काढील, आणि पुढे ते नोटांवरही आले. त्या दिवसांत नगर निगमाच्या गाड्या, शाळांच्या भिंती, वॉर्डांचे फलक, सगळीकडे ते हवे होते. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांजवळ मोबाइलवर आलेला फोटो होता. मग प्रत्येक दुकानात तो फोटो ट्रेस झाला. आपोआप ट्रेस करणाऱ्या सोयीने गोल भिंगाला कोपरे पाडले, 'च्छ'ची पोकळी बुजवली, दांडीतले रंग एकमेकांत मिसळले. गावात फिरताना त्या एका चिन्हाची अनेक रूपे दिसत. व्हेक्टर मूळ हातात असते तर हे टळले असते. दोन भिंगांचे ते चित्र एसव्हीजीत अगदी थोड्या ओळींत मावते आणि व्हिजिटिंग कार्डापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बिनचूक जाते. कोल्हापूरच्या एका माणसाची रेष भिलाईच्या भिंतीवर जशीच्या तशी उतरावी, हा त्या रेषेचा मान आहे. तो राखणे हे आपल्यासारख्या दुकानदारांचे काम.

फाईल बदलणे म्हणजे भाषांतर, असे मी शिकणाऱ्या मुलांना सांगतो. आकृती बहुधा पूर्ण उतरते, कारण वक्र सगळ्यांना कळतो. मागची व्यवस्था उतरत नाही. कोरलमध्ये पॉवरक्लिपच्या चौकटीत ठेवलेले चित्र दुसरीकडे नुसते झाकलेले दिसते. सावलीचा फोटो होतो, मेश फिलचे शेकडो तुकडे होतात, लेयरची नावे जातात, परिच्छेद ओळीओळींनी सुटतो. कोणती गोष्ट कुठल्या वाटेने गेली तर किती टिकते, याचे तक्ते मी दुकानातल्या मशीनवर एकेक फाईल बदलून पाहूनच तयार केले आहेत. वाचकाने ते पाठ करू नयेत. काम हातात आले की उघडून पाहावेत.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. पहिल्या भागात आलेली फाईल ओळखणे: शेपूट बदललेले असले तरी ती खरी कुठली, कोणत्या आवृत्तीची, आत फोटो आहे की रेषा. दुसऱ्या भागात ती उघडण्याच्या वाटा, पैशाच्या आणि बिनपैशाच्या. तिसऱ्या भागात देवनागरी: जुने फॉन्ट, युनिकोडमध्ये आणणे, कर्व्ह, वेल्ड. चौथ्यात रंग आणि माप. पाचव्यात द्यायची फाईल तयार करणे आणि सहाव्यात जुन्या कामाचे जतन. कृती मराठीत लिहिली आहे, पण मेनूमधले शब्द प्रोग्राममध्ये दिसतात तसेच देवनागरीत ठेवले आहेत. नोडला मी 'गाठ' म्हटले असते तर कानाला गोड लागले असते, पण काम करणाऱ्याच्या पडद्यावर नोडच असतो.

ज्यांच्यामुळे हे लिहून झाले ते सगळे माझ्या काउंटरपलीकडचे. न उघडणाऱ्या फाइली घेऊन आलेल्या प्रत्येकाने मला काहीतरी शिकवले. कापलेला पत्रा परत आणून, रागावण्याऐवजी माप दाखवणाऱ्या कारखान्यातल्या मुलांचे ऋण सर्वांत जास्त.

शेवटी दोन विनंत्या. डिझाइन करून घेणाऱ्याला: बोर्ड, पत्रिका किंवा बोधचिन्ह करून घेताना पैसे चुकते करतेवेळी तीन फाइली मागून घ्या. मूळ फाईल, पीडीएफ आणि एसव्हीजी. सोबत मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला एक साधा कागद. चित्र तुमचे आहे. दुकान बदलले, गाव बदलले, तरी ते तुमच्याजवळ असले पाहिजे. आणि माझ्या धंद्यातल्या भावांना: त्या फाइली न मागता द्या. गिऱ्हाईक फाईल अडकली म्हणून परत येण्यापेक्षा काम आवडले म्हणून परत यावे. आज रात्री दुकान बंद करण्याआधी आपल्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाची फाईल उघडून पाहा. उघडली तर लगेच तिची एसव्हीजी आणि पीडीएफ करून ठेवा. नाही उघडली, तर या पुस्तिकेचा दुसरा भाग आधी वाचा.

वैशाली नगर, भिलाई